डोंगरमाथ्यावरची थडगी : आयर्लंडमधले दगडांचे ढीग, आणि ते खणावेत का?

लिफीकाठ

आयर्लंडमध्ये डोंगर चढायला लागलं की थोड्याच दिवसांत कळतं, माथ्यावर दिसणारा दगडांचा ढीग दर वेळी वाटसरूंनी रचलेला नसतो. पुष्कळदा ते थडगं असतं. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे लोखंड सोडा, तांबंसुद्धा या बेटावर वापरात आलं नव्हतं तेव्हाचं. शेती करणारे, गुरं पाळणारे, दगडी कुऱ्हाडींनी जंगल तोडणारे लोक होते हे.

या प्रकाराला इथे पॅसेज टूम म्हणतात. बाहेरून गोल ढीग, त्याला केर्न म्हणायचं. ढिगाच्या पायाशी मोठ्या शिळांचं कडं. एका बाजूने आत जाणारी अरुंद मार्गिका, आणि तिच्या टोकाशी खोली, बऱ्याचदा तीन कोनाड्यांची. कोनाड्यांत अस्थी. बहुतेक जाळलेल्या, काही न जाळलेल्या, आणि अनेक माणसांच्या एकत्र मिसळलेल्या. सोबत हाडाच्या टाचण्या, मणी, गुळगुळीत केलेले दगडी गोळे. सोनं-नाणं शोधायला गेलेल्यांच्या हाती काही लागायचं नाही ते यामुळेच.

अशी दोनशेहून अधिक थडगी या बेटावर नोंदलेली आहेत. सगळ्यात प्रसिद्ध न्यूग्रेंज, पण ते बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या एका ठेंगण्या धारेवर आहे. पर्यटकांच्या बस तिथेच जातात. मला लिहायचंय ते वरच्या मंडळींबद्दल: मीथ परगण्यातलं लॉखक्रू (२७६ मी.), स्लायगोतलं नॉकनरे (३२७ मी.) आणि कॅरोकील, विकलोतलं सीफिन (६२१ मी.), आणि उत्तर आयर्लंडमधलं स्लीव्ह गलियन. शेवटचंही पावणेसहाशे मीटरवर आहे.

एवढ्या वर का बांधलं असेल? 'देवांच्या जवळ' वगैरे उत्तरं मला पटत नाहीत. माझं मत असं की ही बांधकामं मेलेल्यांसाठी कमी आणि खाली राहणाऱ्या जिवंत माणसांसाठी जास्त होती. नॉकनरेचंच बघा. ढीग सुमारे ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच. वजनाचा अंदाज ४०,००० टनांच्या आसपास देतात. अशा ढिगांच्या पोटातल्या खोल्या कशा असतात ते इतर ठिकाणी पाहिलंय: चार-पाच माणसं जेमतेम उभी राहतील एवढ्या. अस्थी ठेवायला एवढा डोंगर रचायची गरज नव्हती. पण नॉकनरेचा माथा सपाट आहे, त्यामुळे त्यावरचा हा ढीग स्लायगोच्या अर्ध्या मुलखातून दिसतो. कॅरोकीलच्या धारेवर उभं राहिलं तरी पंचवीसेक किलोमीटरवरचा तो टेंगूळ ओळखू येतो. खालच्या शेतात काम करणाऱ्याने रोज मान वर करून बघावं आणि 'ही जमीन आमच्या वाडवडिलांची' हे त्याला, आणि त्याहून जास्त शेजारच्या टोळीला, कळावं. सातबारा नव्हता तेव्हाचा सातबारा म्हणा.

आणि आता वादाचा मुद्दा. नॉकनरेचा हा ढीग आधुनिक काळात कोणीही रीतसर खणलेला नाही. आत पॅसेज टूम असावी असं सगळे मानतात, पाहिलेली कोणी नाही. खणावा का? माझं उत्तर 'नाही' आहे, पण इथल्या जाणकारांचं ऐकायचंय.

---

मृण्मयी_ठाणे

वा, सुरेख विषय! दोन प्रश्न. एक, जाळलेल्या अस्थी अनेकांच्या एकत्र कशा? सगळे एकदम मेले? दोन, एवढे दगड डोंगरावर नेले कसे?

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

लिफीकाठ

@मृण्मयी, एकदम नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच खोली वापरात होती. मार्गिका असण्याचा फायदाच तो, पुन्हा पुन्हा आत जाता येतं. मुख्य माणसाला पुरून वर ढीग रचून मोकळं व्हायचं असतं तर मार्गिका कशाला ठेवली असती?

दगडांचं गूढ त्या मानाने कमी. नॉकनरे आणि कॅरोकील दोन्ही चुनखडीचे डोंगर. ढिगातला बहुतेक दगड वरच मिळालेला. खोलीच्या आणि कड्याच्या मोठ्या शिळा मात्र सरकवत न्याव्या लागल्या असणार. माणसं, दोर, ओंडके आणि वेळ, एवढ्यात ते होतं.

---

संत्रानगरी

लय भारी लिवलं भाऊ. हे वाचून आमचं जुनापाणी आठवलं. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की लागतं. शिळावर्तुळं, सुमारे ३००. गोल मांडलेले मोठाले दगड, मधात भर, अन् भरीखाली दफन. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातली काही उकरली होती. मग स्वातंत्र्यानंतर रीतसर उत्खननं झाली. टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी काम केलं. माहुरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यासकट.

तुमच्यासारखे डोंगर आमच्याकडे नाहीत, पण ही वर्तुळंही शेतीच्या काळ्या मातीत नाहीत, मुरमाड उंचवट्यांवर आहेत. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत. तिकडेही असतात म्हणे?

---

लिफीकाठ

@संत्रानगरी, हो, वाटीखळगे इकडेही आहेत. शिवाय वर्तुळं, नागमोडी रेघा, सूर्यासारखी फुलं. पण विदर्भाची वर्तुळं लोहयुगातली, इकडची नवाश्मयुगातली. मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे नातं लावायला नको. उंचवट्याचा मुद्दा मात्र रोचक आहे. तिकडे तो 'पिकाऊ जमीन वाया घालवायची नाही' असाही असू शकेल का?

---

संत्रानगरी

तसंही म्हणतात. जित्या माणसांना सोडून मेलेल्याला काळी जमीन कोण देते!

---

शंकासुर

लेख चांगला, पण पुढच्या भागात 'सूर्यकिरण बरोब्बर आत पडतात' येणार याची खात्री असल्याने आधीच शंका मांडून ठेवतो. दोनशे थडगी. वर्षात दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन संपात (दिवस-रात्र समान). प्रत्येकी उगवती आणि मावळती. शिवाय चंद्राचे टोकाचे बिंदू. एवढ्या दिशा धरल्या तर आमच्या संडासाच्या खिडकीतूनही काहीतरी जुळेल.

---

कर्वीर

शंकासुर, कोल्हापूरला या, अंबाबाईचा किरणोत्सव बघा, मग बोला. :)

---

लिफीकाठ

@शंकासुर, शंका रास्त आहे आणि तिचा निम्मा भाग मान्यच. बहुतेक आयरिश पॅसेज टूमची तोंडं कुठल्याही सूर्योदयाकडे नाहीत. काहींची दुसऱ्या थडग्याकडे आहेत, काहींची कुठेच नाहीत. पण काही ठिकाणी योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

न्यूग्रेंजला दाराच्या वर एक वेगळी झरोका-पेटी बांधलेली आहे. दारातून येणारा उजेड आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही, कारण मार्गिका चढती आहे. या पेटीतून येणारा मात्र पोचतो. म्हणजे तेवढ्यासाठी खास बांधलेली वस्तू हाती आहे, नुसता कोन नाही. २१ डिसेंबर १९६७ ला, हिवाळी अयनदिनाच्या सुमारास सूर्योदयाला, मायकेल ओ'केली या उत्खननकर्त्याने आत बसून तो किरण पाहिला. कॅरोकीलच्या 'जी' क्रमांकाच्या केर्नलाही अशीच पेटी आहे, आणि तिच्यातून उन्हाळी अयनदिनाच्या आसपास मावळतीचं ऊन आत येतं. दोन वेगळ्या ठिकाणी तीच युक्ती असली की मी योगायोगाचा हट्ट सोडतो.

लॉखक्रूच्या 'टी' केर्नबद्दल मात्र मी तुमच्या बाजूला थोडा सरकतो. तिथे संपाताच्या सकाळी ऊन मागच्या कोरीव शिळेवर पडतं आणि शिळेवरची फुलं एकेक करत उजळतात. दिसायला अप्रतिम. पण अयनदिन डोळ्यांना दिसतो: सूर्य क्षितिजावर सरकत जातो, थांबतो, परततो. थांबतो म्हणूनच न्यूग्रेंजला तो खेळ काही दिवस चालतो. संपाताला तसं काही घडत नाही. उलट त्या दिवसांत इथल्या अक्षांशावर उगवतीची जागा रोज सूर्याच्या रुंदीपेक्षा जास्त सरकते. मधला दिवस मोजूनच काढावा लागतो. ते लोक तो मोजत होते, की पूर्वेकडे तोंड ठेवलं आणि बाकी आपण जोडलं, यावर खात्रीने बोलणारा मला अजून भेटलेला नाही.

---

शंकासुर

इतकं प्रामाणिक उत्तर आलं की वाद घालायची मजाच जाते. असो.

---

बीमकॉलम

स्थापत्य अभियंता म्हणून विचारतो, खोलीचं छत कसं पेललंय? वर एवढा ढीग आहे, आणि पाऊस तिकडचा. आमच्या सोसायटीच्या गच्चीला दर दोन पावसाळ्यांनी वॉटरप्रूफिंग लागतं.

---

लिफीकाठ

कदलिकाकरण. आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतांत असतं तेच तत्त्व: प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा, शेवटी वर एक शिळा. चुना नाही, सिमेंट नाही. न्यूग्रेंजचं छत आतून सुमारे सहा मीटर उंच आहे आणि आजही गळत नाही. गंमत पुढे आहे. छताच्या शिळांच्या वरच्या अंगाला पाणी बाजूला काढायला पन्हळी कोरलेल्या सापडल्या, आणि सांध्यांत जळकी माती आणि वाळू भरलेली. त्या जळक्या मातीचं कार्बन-वय काढता आलं, म्हणून बांधकामाचा काळ पक्का झाला. तुमच्या सोसायटीची गच्चीही पाच हजार वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

---

स्लायगोकर

मी नॉकनरेच्या पायथ्याशी राहते, म्हणून लिहायलाच हवं. इथे त्या ढिगाला मेव्ह राणीचं थडगं म्हणतात. मेव्ह ही जुन्या आयरिश कथांमधली पश्चिमेच्या कॉनाक्ट प्रांताची राणी. उत्तरेच्या अल्स्टर प्रांताचा बैल पळवून आणण्यासाठी युद्ध पुकारणारी. तिला उभीच पुरलीय, अल्स्टरच्या शत्रूंकडे तोंड करून, असं सगळे सांगतात. ढीग त्या कथांपेक्षा पुष्कळच जुना आहे, पण हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगून बघा!

पूर्वी वर जाताना एक दगड उचलून न्यायचा आणि ढिगावर टाकायचा अशी पद्धत होती. आता फलक लावलेत: दगड आणू नका, नेऊ नका, ढिगावर चढू नका. तरी उन्हाळ्यात रविवारी बघाल तर लोक सेल्फीसाठी वर चढलेलेच. चढल्यामुळे दगड घसरतात आणि बाजूंना घळी पडतात. काही जण दगडांनी स्वतःची नावं मांडतात. खणायचं की नाही हा वाद नंतरचा, आधी तुडवणं थांबवा.

---

लिफीकाठ

@स्लायगोकर, +१. लॉखक्रूलाही कथा आहे. काल्याख नावाची जखीण ओटीत दगड भरून एका टेकडीवरून दुसरीवर उड्या मारत गेली, प्रत्येक टेकडीवर थोडे दगड सांडले, तेच हे ढीग. शेवटच्या उडीत पडली आणि मेली. 'टी' केर्नच्या कड्यातली एक प्रचंड शिळा खुर्चीसारखी आहे, ती तिची खुर्ची. स्लीव्ह गलियनच्या थडग्यालाही तिचंच घर म्हणतात. डोंगर जिथे, तिथे ही बाई.

शिक्षित मंडळीही यात मागे नव्हती. लॉखक्रू अभ्यासकांच्या नजरेत आलं ते १८६३ मध्ये, यूजीन कॉनवेल या शाळा-निरीक्षकामुळे. केर्नना इंग्रजी अक्षरं देण्याची पद्धत त्याचीच, आजही तीच वापरतात. पण एवढं शिस्तीचं काम करून गडी शेवटी म्हणाला काय, तर 'टी' म्हणजे ओलाव्ह फोडला या दंतकथेतल्या राजाची समाधी. त्यावर पुस्तकही काढलं.

---

खापरमाती

पुरातत्त्व शिकलोय, त्यामुळे खणण्याच्या मुद्द्यावर थोडं लांब लिहितो.

कॅरोकीलचं उदाहरण घ्या. १९११ साली मॅकॅलिस्टर, आर्मस्ट्राँग आणि प्रेगर या तिघांनी तिथले केर्न उघडले. मॅकॅलिस्टर डब्लिनमध्ये पुरातत्त्वाचे प्राध्यापक, प्रेगर खरा वनस्पतींचा माणूस. काम घाईत उरकलं. आजच्या नजरेने बघितलं तर अंगावर काटा येतो: कुठलं हाड कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, याच्या नोंदी आज लागतात तशा नाहीत. हाडं तपासायला केंब्रिजला गेली, कारण मॅकॅलिस्टरचे वडील तिथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यानंतर ती हाडं दीर्घकाळ विस्मरणात पडून राहिली.

अलीकडे ती पुन्हा तपासली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: खांदा, कोपर, नितंब, गुडघा, घोटा अशा सांध्यांजवळ दगडी हत्याराच्या खुणा. म्हणजे काही मृतदेह दहन न करता सांध्यांवर सुटे केले होते. आणि २०२० मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या लारा कॅसिडी यांच्या गटाने प्राचीन डीएनएचा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला, त्यात कॅरोकीलचीही हाडं होती. न्यूग्रेंजच्या खोलीत मिळालेल्या एका पुरुषाचे आईवडील सख्खे भाऊ-बहीण किंवा पालक-अपत्य असावेत असं त्यातून निघालं, आणि त्याचे दूरचे नातलग कॅरोकील आणि स्लायगोतल्याच कॅरोमोरला सापडले. बेटाच्या दुसऱ्या टोकाला! यावरून राजघराणं होतं असा अर्थ त्यांनी लावला. तो अर्थ सगळ्यांना पटलेला नाही, पण नातं हे नातंच.

सांगायचं हे की १९११ ला वाईट खणलं म्हणून रडायचं, की खणलं म्हणून हे कळलं असं म्हणायचं? ती हाडं बाहेर आली नसती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. कधीच खणू नये हे मला भाबडं वाटतं.

---

लिफीकाठ

@खापरमाती, मुद्दा जोरदार. पण तुमचंच उदाहरण उलटं फिरवतो. १९११ च्या लोकांनाही आपण उत्तम पद्धतीने खणतोय असंच वाटत असणार. डीएनए त्यांच्या स्वप्नातही नव्हता. आज आपण नॉकनरे उघडलं तर २१२५ चे लोक आपल्याबद्दल काय म्हणतील?

आणि खणलं की तिथेच थांबत नाही. न्यूग्रेंजचं उत्खनन १९६२ ते १९७५ चाललं आणि मग समोर पांढऱ्या गारगोटीची सरळसोट भिंत उभी राहिली, मागून काँक्रीटचा आधार देऊन. गारगोट्या मूळच्याच, ढिगासमोर पडलेल्या. पण त्या भिंतीवर होत्या की जमिनीवर अंथरल्या होत्या, हा वाद पन्नास वर्षं चाललाय. आज लोक ज्याचे फोटो काढतात तो दर्शनी भाग विसाव्या शतकातला आहे. नॉकनरेच्या माथ्यावर असं काही उभं राहिलं तर पुढची हजार वर्षं सगळा स्लायगो ते बघणार.

---

खापरमाती

भिंत बांधणं हा वेगळा निर्णय होता, खणण्याचा दोष नाही. न्यूग्रेंजशेजारच्या नाउथच्या थडग्यावर जॉर्ज ओगन यांनी १९६२ पासून अनेक दशकं काम केलं. तिथे पाठीला पाठ लावून दोन मार्गिका आहेत हे खणल्यावाचून कळलं असतं का? आणि ते चकमकीच्या दगडाचं कोरीव गदाशीर्ष? त्याच्यासारखी वस्तू त्या काळातल्या सगळ्या युरोपात शोधावी लागेल.

---

बीमकॉलम

मधला मार्ग? २०१७ ला खुफूच्या पिरॅमिडमध्ये म्युऑन कणांनी (आकाशातून येणारे, दगडातूनही पार जाणारे) मोठी पोकळी शोधली होती. तसं इथे नाही चालणार?

---

खापरमाती

तत्त्वतः विचार करता येईल. पण पिरॅमिडमध्ये घडीव दगड, इथे सुटे धोंडे आणि त्यांच्यात हजारो फटी. पोकळीतून पोकळी ओळखायची. शिवाय खोली दिसली तरी अस्थी दिसणार नाहीत, आणि प्रश्न अस्थींचे आहेत. नॉकनरेबाबत एक मात्र कबूल: न खणताही बरंच कळलंय. स्टेफान बर्ग या स्वीडिश पुरातत्त्वज्ञाने डोंगरावर बारकाईने फिरून पूर्वेच्या अंगाला लांबच लांब बांध असल्याचं दाखवलं. म्हणजे नुसता ढीगच नाही, आख्खा माथा वेगळा राखलेला होता.

---

स्लायगोकर

बघा, शेवटी लिफीकाठ यांच्याच म्हणण्यावर आलात. माथा महत्त्वाचा, आतली खोली दुय्यम.

---

शंकासुर

मला एक सांगा, एवढे पवित्र ढीग होते तर मधल्या पाच हजार वर्षांत कोणी हात लावला नाही?

---

लिफीकाठ

लावला की! लॉखक्रूच्या 'एच' केर्नमध्ये लोहयुगातल्या लोकांनी हाडाच्या हजारो चपट्या पट्ट्या ठेवलेल्या सापडल्या, काहींवर कंपासने काढलेली नक्षी. थडगं तेव्हाच तीन हजार वर्षांचं होतं. का ठेवल्या ते त्यांनाच माहीत.

आणि डब्लिनजवळच्या माँटपेलियर टेकडीवर तर कहर झाला. १७२५ च्या सुमारास विल्यम कॉनली या आयरिश संसदेच्या सभापतीने माथ्यावर शिकारीसाठी घर बांधलं आणि दगडासाठी शेजारचा केर्नच वापरला. पुढे वादळात छप्पर उडालं. लोक म्हणाले, सैतानाने सूड घेतला. मालकाने माघार घेतली नाही, दगडी कमानीचं छत घातलं, ते अजून आहे. पुढे त्या घराला हेलफायर क्लब असं नाव पडलं आणि भुताच्या गोष्टी चिकटल्या. २०१६ मध्ये तिथे रीतसर उत्खनन झालं तेव्हा थडग्याचे अवशेष आणि एक कोरीव शिळाही मिळाली. @खापरमाती, हे उत्खनन मला मान्य आहे. आधीच मोडलेलं खणा, हवं तेवढं खणा.

---

खापरमाती

यावर तह करायला हरकत नाही. मोडकी आधी.

---

अनघा_पुणे

धागा वाचतेय, मस्त चाललाय. ऑक्टोबरात मुलाकडे डब्लिनला येतेय, सोबत सासूबाई, वय ६८, पर्वती रोज चढतात. यातलं काय जमेल?

---

लिफीकाठ

@अनघा, पर्वती रोज चढणाऱ्या बाईंना लॉखक्रू सहज जमेल. गाडीतळापासून चढ छोटा आहे पण गवताळ आणि तिरका, ओला असला की घसरतो, तेव्हा काठी द्या. 'टी' केर्नच्या आत जाणं गेली काही वर्षं संरक्षणाच्या कामासाठी बंद होतं, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. बाहेरचं शिळांचं कडं आणि जखिणीची खुर्ची बघायला कोणी अडवत नाही. नॉकनरेची वाट लांब पण बांधीव आहे.

सीफिनला मात्र त्यांना नेऊ नका. वाट नावालाच, चिखल पोटरीपर्यंत, आणि शेजारी लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. लाल बावटा दिसला की परत फिरायचं.

---

स्लायगोकर

आणि छत्री आणू नका. वर वारा असा असतो की पहिल्या दहा मिनिटांत काड्या मोडतात. टोपी असलेला रेनकोट घ्या. नॉकनरेला येणार असाल तर व्यक्तिगत निरोप करा, चहा माझ्याकडे.